विलायतेतील पबचे कूळ

विलायतेतल्या जुन्या पबला दोन पाट्या असत. एक मोठी, रंगीत, लोखंडी दांड्यावरून रस्त्यावर झुलणारी. तिच्यावर तांबडा सिंह, राजमुकुट, नांगर नाही तर घंटा. दुसरी पाटी दाराच्या चौकटीवर, टीचभर रुंदीची. या जागेत मद्यविक्रीचा परवाना अमुक व्यक्तीला आहे, एवढाच मजकूर आणि त्या व्यक्तीचे पूर्ण नाव. मोठी पाटी अजून सर्वत्र आहे. छोटी आता कमी दिसते, पण पुष्कळ ठिकाणी टिकून आहे. मोठी पाटी ज्याची इमारत, त्याची. छोटी पाटी जो सकाळी तळघरात पिंपे उतरवून घेतो आणि मध्यरात्री फरशी पुसतो, त्याची. धंदा बुडाला तर मोठी पाटी जागची हलत नाही. छोट्या पाटीवरचे नाव तेवढे खरवडून तिथे नवे नाव रंगवले जाते.

या दोन पाट्यांच्या मधल्या जागेत माणसांची आयुष्यभराची पुंजी कशी नाहीशी होते, त्याविषयी आज लिहायचे आहे. विषय परमुलखातला आहे, पण त्यात जाणारा पैसा अलीकडे आपल्या घरांतूनही जाऊ लागला आहे.

मी गेली अनेक वर्षे इंग्लंडच्या मिडलंड्स भागात छोट्या धंदेवाल्यांचे हिशेब लिहिण्याचे काम करते. किराणा दुकानदार, टॅक्सीवाले, केशकर्तनालये आणि काही पबवाले. अधूनमधून पुण्याहून, साताऱ्याहून, कोल्हापूरहून कुणाचा तरी फोन येतो. ‘आमचा मुलगा तिकडे पब घेतोय. इकडचा प्लॉट विकून पैसे पाठवायचे म्हणतोय. तुम्ही तिथे आहात, जरा सांगा, धंदा बरा असतो का?’ या प्रश्नाचे उत्तर फोनवर पाच मिनिटांत देता येत नाही. कारण त्या वाक्यातला ‘घेतोय’ हा शब्दच फसवा आहे.

आधी पब म्हणजे काय ते सांगायला हवे. ‘बार’ म्हटले की आपल्याकडे मंद दिवे आणि खाली घातलेल्या माना आठवतात. इंग्लंडमधला पब तसा नव्हे. तो गावची चावडी, नाक्यावरचा कट्टा आणि खानावळ यांच्या मधला प्रकार आहे. रविवारी दुपारी आजी-आजोबांसह अख्खे कुटुंब तिथे जेवायला जाते, लग्न ठरल्याचा आनंद तिथे साजरा होतो आणि अंत्यविधीनंतर माणसे तिथेच जमतात. म्हणून पब चालवणे हा तिथे प्रतिष्ठेचा व्यवसाय आहे, आणि घरंदाज मराठी माणसाला त्याचा मोह पडावा यात नवल काही नाही.

आपल्या देशाच्या माणसांचा या पबांशी संबंधही जुना आहे. १९६०च्या दशकात मिडलंड्समधल्या कित्येक पबांत भारतीय कामगारांना काही दालनांत बसू दिले जात नसे. १९६५च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते मॅल्कम एक्स स्मेदिक या गावी येऊन तो वर्णभेद स्वतः पाहून गेले. त्याच वर्षीच्या कायद्याने सार्वजनिक ठिकाणचा असा भेदभाव बेकायदा ठरवला. पुढे त्याच परिसरातले पब पंजाबी कुटुंबांनी चालवायला घेतले. बीअरबरोबर तंदुरी कोंबडी देणारे ‘देसी पब’ ही आता स्मेदिक आणि वेस्ट ब्रॉमिचची ओळख आहे. ज्या दारातून बापाला परत पाठवले, त्याच दारावर मुलाचे नाव लागले. ही अभिमानाचीच गोष्ट आहे. पण अभिमान हा ताळेबंदात कुठल्याच रकान्यात मांडता येत नाही.

तर ‘पब घेणे’ तीन प्रकारचे असते. पहिला प्रकार म्हणजे इमारतीसह पब विकत घेणे. त्याला मोठे भांडवल लागते. दुसरा म्हणजे जागा भाडेपट्ट्याने घ्यायची आणि माल हवा तिथून आणायचा. तिसरा प्रकार, ज्याच्या जाहिराती सर्वांत आकर्षक असतात, तो म्हणजे बांधील भाडेपट्टा. यात इमारत एखाद्या बीअर उत्पादकाची किंवा पब कंपनीची असते. तुम्ही भाडे द्यायचे आणि शिवाय बीअर त्याच कंपनीकडून, तिने ठरवलेल्या दराने विकत घ्यायची. शेजारच्या घाऊक व्यापाऱ्याकडे तीच बीअर स्वस्त असली तरी तिथून आणायची नाही. आणली तर कराराचा भंग. किती बीअर नळातून गेली हे मोजणारी यंत्रे काही ठिकाणी तळघरात बसवलेली असतात. कंपनीकडून घेतलेला माल आणि नळातून गेलेला माल यांचा मेळ बसला नाही, की पत्र येते.

आपल्याकडच्या वाचकाला हे समजावून सांगायला एकच शब्द पुरे आहे, तो म्हणजे कूळ. जमीन मालकाची, राबणूक कुळाची. पीक बुडाले तरी खंड द्यायचाच. त्यात भर म्हणून मालकाने अशी अट घातली असती, की बियाणे आणि खतही माझ्याच दुकानातून माझ्याच भावाने घ्यायचे, तर जे झाले असते, ते म्हणजे हा बांधील भाडेपट्टा. गंमत अशी की तिथल्या धंद्याच्या बोलीतही ‘कोरडे भाडे’ आणि ‘ओले भाडे’ असे दोन शब्द आहेत. कोरडे भाडे म्हणजे दरमहा जागेचे. ओले भाडे म्हणजे प्रत्येक पिंपामागे चढ्या भावातून जाणारे. जाहिरातीत कोरडे भाडे मोठ्या अक्षरांत असते. ओले भाडे शोधावे लागते.

आपल्या राज्यात १९४८ साली कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या कृषिदिनी कसणाऱ्याला जमिनीचा मालक मानले गेले. त्या कायद्याच्या अंमलबजावणीत काय झाले आणि काय राहिले हा वेगळा विषय. पण कसणारा आणि मालक यांच्यातला करार समान बळाच्या दोघांतला नसतो, हे तत्त्व तरी मान्य झाले. अर्थात तुलना फार ताणू नये. आपले कूळ जन्माने कूळ होते, पबचे कूळ स्वखुशीने सही करून होते. म्हणूनच सही करण्याआधीच्या दिवसांना एवढे महत्त्व आहे.

इंग्लंडमध्ये हा प्रश्न कुणाच्या लक्षात आला नाही असे मुळीच नाही. १९८९ साली तिथल्या मक्तेदारीविषयक आयोगाने बीअरच्या धंद्यावर मोठा अहवाल दिला. सहा बड्या उत्पादकांनी हजारो पब आपल्या खुंटीला बांधून ठेवल्यामुळे ग्राहकाला निवड उरत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यानुसार सरकारने हुकूम काढला. ज्या उत्पादकाकडे दोन हजारांहून अधिक पब आहेत, त्याने वरच्या संख्येपैकी निम्मे पब १ नोव्हेंबर १९९२पर्यंत विकावेत नाही तर बंधनातून मोकळे करावेत. हेतू चांगला होता. झाले असे, की उत्पादकांनी पब विकले, आणि ते विकत घ्यायला नव्या कंपन्या उभ्या राहिल्या. या कंपन्या बीअर गाळत नव्हत्या, त्यामुळे त्या हुकुमाच्या कक्षेतही येत नव्हत्या. त्यांनी बंधन मात्र जसेच्या तसे ठेवले. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अशा दोनच कंपन्यांकडे मिळून पंधरा हजारांहून अधिक पब होते आणि त्यांच्या डोक्यावर कर्जाचे डोंगर होते. १९८९चा हुकूम २००३ साली रद्दही झाला. सावकार बदलला, खतावणी तीच राहिली.

आता थोडा हिशेब करू. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण हिशेबाची रीत खरी आहे. समजा, पबमध्ये एक पाइंट बीअर ४ पौंड ८० पेन्सला विकली जाते. (एका पौंडाचे आज शंभराहून अधिक रुपये होतात.) यात २० टक्के विक्रीकर धरलेला असतो, म्हणजे ८० पेन्स सरकारचे. राहिले ४ पौंड. नेहमीच्या पिंपात ११ गॅलन, म्हणजे ८८ पाइंट बीअर असते. बंधनमुक्त पबला हे पिंप १३० पौंडांना मिळते आणि बांधील पबला १९० पौंडांना, असे समजू. पहिल्याला पाइंटमागे सुमारे १ पौंड ४८ पेन्स खर्च येतो, दुसऱ्याला २ पौंड १६ पेन्स. म्हणजे बांधील पबवाल्याच्या हाती पाइंटमागे १ पौंड ८४ पेन्स राहतात, दुसऱ्याच्या हाती २ पौंड ५२ पेन्स. आठवड्याला सहा पिंपे खपली तर फरक ३६० पौंडांचा. वर्षाला १८,७२० पौंड, म्हणजे जवळपास वीस लाख रुपये. हे ते ओले भाडे. कोरडे भाडे तितक्याने कमी असेल तर तक्रार नाही. पण ते तितक्याने कमी आहे की नाही, हे सही करण्यापूर्वी किती जण पाहतात?

हिशेब इथे संपत नाही. सहा पिंपांचे ५२८ पाइंट होतात. पाइंटमागे १ पौंड ८४ पेन्स धरले तर आठवड्याला सुमारे ९७० पौंड हाती आले. त्यातून कोरडे भाडे, वीज, गॅस, नगरपालिकेचा कर, विमा, नोकरांचे पगार, गाणी वाजवण्याचा परवाना आणि दूरचित्रवाणीवरच्या फुटबॉल सामन्यांची वर्गणी जायची आहे. शिवाय बीअरच्या नळ्या साधारणपणे दर आठवड्याला धुवाव्या लागतात आणि त्यांत राहिलेली बीअर मोरीत जाते. पारंपरिक पिंपातली जिवंत बीअर उघडल्यावर तीनेक दिवसांत संपवावी लागते, नाही तर आंबते. आता नवरा-बायको दोघेही आठवड्याला सत्तर तास राबतात असे धरा. तिथला किमान वेतनाचा दर एप्रिल २०२५ मध्ये तासाला १२ पौंड २१ पेन्स झाला. त्या दराने दोघांची मजुरी आठवड्याला १,७०९ पौंड होते. बीअरमधून हाती आलेले ९७० पौंड या मजुरीलाही पुरे पडत नाहीत! जेवण, वाइन आणि थंड पेये यांची विक्री वेगळी असते आणि ज्यांचे पब चालतात ते बहुधा स्वयंपाकघराच्या जोरावरच चालतात, हे खरे. पण मालकाला स्वतःचे किमान वेतन देण्याची सक्ती कुठलाच कायदा करत नाही. म्हणून घरच्या माणसांची मजुरी शून्य धरली जाते आणि कागदावर नफा दिसतो. माझ्या कामात मी पाहिलेला सर्वांत मोठा खोटा आकडा कुठला असेल, तर तो हा शून्य.

मी एका मराठी जोडप्याचे हिशेब पाहत होते. दोघेही पन्नाशीचे. तो एका गोदामात पर्यवेक्षक होता, ती शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. गोदाम बंद झाले आणि त्याच्या हाती नुकसानभरपाईची रक्कम आली. ‘पंचवीस हजार पौंडांत तुमचा स्वतःचा पब’ अशा अर्थाची जाहिरात त्यांनी पाहिली. पंचवीस हजार खोटे नव्हते. चौदा हजार आतल्या सामानाचे, सात हजार अनामत, चार हजार तळघरातल्या मालाचे. पण जाहिरातीत नसलेल्या गोष्टी पुढे होत्या. वकील आणि मूल्यांकनकार यांचे साडेतीन हजार. महिन्याचे आगाऊ भाडे अडीच हजार. विमा, परवाना, प्रशिक्षण यांचे तीन हजार. स्वयंपाकघरातली धूर ओढणारी यंत्रणा नापास झाली, तिचे सहा हजार. शेगड्या, भांडी, गल्ल्याचे यंत्र पाच हजार. आणि पहिले तीन महिने पगार व माल भागवायला हाताशी ठेवलेले बारा हजार. एकूण सत्तावन्न हजार. तीस हजार त्यांच्याजवळ होते. उरलेल्यांसाठी साताऱ्याजवळचा वडिलोपार्जित प्लॉट विकला गेला.

करार त्यांनी वकिलाला दाखवला होता. वकिलाने अकरा कलमांवर पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. त्या खुणा घेऊन ती दोघे माझ्याकडे आली, तेव्हा मी एकेक कलम त्यांना मराठीत समजावून सांगितले. ऐकून झाल्यावर तो म्हणाला, ‘ताई, सगळं कळलं. पण तीस वर्षं दुसऱ्याची चाकरी केली. आता काहीतरी स्वतःचं पाहिजे.’

त्या अकरांपैकी एक कलम छपराचे होते. आपल्याकडे भाडेकरूने भाडे द्यायचे आणि छप्पर गळले तर मालकाच्या नावाने शंख करायचा, असा साधारण रिवाज. तिथल्या दीर्घ मुदतीच्या पट्ट्यात बहुधा संपूर्ण दुरुस्ती आणि विमा भाडेकरूच्या माथी असतो. म्हणजे दीडशे वर्षांच्या परक्या इमारतीचे छप्पर, धुराडे, गटारे, खिडक्या, सारे तुमच्या खर्चाने. इमारत वारसा यादीत असेल तर साधी खिडकी बदलायलाही परवानगी लागू शकते. आणि पट्टा संपताना मालकाचा माणूस वही घेऊन फिरतो. इथे रंग उडाला आहे, तिथे कौल फुटले आहे. त्याची भरपाई तुम्ही द्यायची. घेताना इमारत कशी होती याचे फोटो आणि नोंदी कराराला जोडलेल्या नसतील, तर आधीच्या तीन भाडेकरूंनी केलेली हयगयही तुमच्या खात्यावर पडते.

दुसरे कलम वैयक्तिक हमीचे होते. पट्टा कंपनीच्या नावाने घेतला तरी तुमची व्यक्तिगत हमी मागितली जाते. धंदा बुडाला म्हणून भाडे थांबत नाही. आणि पबचे बिऱ्हाड बहुधा वरच्या मजल्यावर असते. नोकरी गेली तर घर राहते, घर गेले तर नोकरी राहते. इथे दोन्ही एकाच दिवशी जातात.

त्या जोडप्याने अडीच वर्षे पब चालवला. चौदा हजारांच्या सामानाचे जाताना पाच हजार झाले, अनामत दुरुस्तीच्या भरपाईत गेली आणि हमीची रक्कम ते पुढे हप्त्यांनी फेडत राहिले. तो आता सामान पोचवणारी गाडी चालवतो. ती पुन्हा शाळेत कामाला लागली. तिच्या हातचे कोल्हापुरी मटण खायला दहा मैलांवरून लोक येत असत, हेही सांगितले पाहिजे. धंदा त्यांना येत नव्हता असे कुणी म्हणू नये.

न्यायाने दुसरी बाजूही मांडायला हवी. कंपन्यांचे म्हणणे असे, की बंधन आहे म्हणूनच थोड्या भांडवलात सामान्य माणसाला पब चालवायला मिळतो. एरवी त्याला कुठली बँक उभी करणार? शिवाय अल्प मुदतीच्या करारात मोठी दुरुस्ती मालकच करतो, प्रशिक्षण देतो, अडीअडचणीला सवलत देतो. यात तथ्य आहे. २० मार्च २०२० रोजी कोविडमुळे देशातले सारे पब बंद झाले तेव्हा काही कंपन्यांनी भाड्यात सूट दिली होती. बांधील पट्ट्यावर उत्तम चाललेले पब आणि त्यावर मुलांची शिक्षणे झालेली कुटुंबे मी पाहिली आहेत. पबांवर आलेले सारे संकट काही कंपन्यांनी आणलेले नाही. २००७ची धूम्रपानबंदी, दुकानातली स्वस्त बीअर, २०२२ मधली विजेच्या दरांची झेप, बदललेल्या सवयी, अशी कारणे पुष्कळ आहेत. २००० साली ब्रिटनमध्ये सुमारे साठ हजार पब होते, आज सुमारे पंचेचाळीस हजार आहेत.

पण माझा मुद्दा इथेच सुरू होतो. धंदा उतरणीला लागला असताना जोखीम कुणाच्या अंगावर आहे? पब बंद पडला तर कंपनीजवळ इमारत उरते. तिथे दुसरा भाडेकरू येतो, नाही तर सदनिका होतात. भाडेकरूजवळ काय उरते? ज्याच्या हाती किंमत ठरवण्याचा अधिकार, त्याच्या अंगावर तोट्याचा भार नाही. आणि ज्याच्या अंगावर भार, त्याच्या हाती किंमत नाही. याला भागीदारी म्हणणे हा भाषेवर अन्याय आहे.

तिथल्या संसदेलाही हे अखेर पटले. १८ नोव्हेंबर २०१४ रोजी हाउस ऑफ कॉमन्समध्ये सरकारचा २८४ विरुद्ध २६९ मतांनी पराभव करून खासदारांनी बांधील भाडेकरूला एक नवा हक्क दिला. २०१५ साली त्याचा कायदा झाला आणि जुलै २०१६ पासून इंग्लंड व वेल्समध्ये पबसंहिता लागू झाली. तिच्यानुसार भाडेकरूला ठरावीक प्रसंगी, म्हणजे पट्ट्याचे नूतनीकरण, भाड्याची फेरआकारणी किंवा मालाच्या दरात मोठी वाढ अशा वेळी, बंधन सोडून केवळ बाजारभावाने भाडे देण्याचा पर्याय मागता येतो. तंटे सोडवायला स्वतंत्र निवाडा अधिकारी नेमला गेला. हा अधिकारी नुसता शोभेचा नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये हायनेकेनच्या मालकीच्या ‘स्टार पब्ज’ या कंपनीला, बंधनमुक्त होऊ पाहणाऱ्या भाडेकरूंवर स्वतःच्या बीअरची अवाजवी सक्ती करणाऱ्या अटी घातल्याबद्दल, त्याने वीस लाख पौंडांचा दंड ठोठावला.

तरीही या संहितेत दोन मोठी छिद्रे आहेत. एक म्हणजे ती पाचशे किंवा अधिक बांधील पब असलेल्या कंपन्यांनाच लागू आहे. चारशे नव्याण्णव पबांच्या मालकाच्या कुळाने काय पाप केले? दुसरे असे, की बंधनमुक्त होण्याचा हक्क सहीच्या दिवशी मिळत नाही, पुढे केव्हा तरी प्रसंग आला तर मिळतो. आणि नवशिक्याची पुंजी बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांतच संपते. हक्क दारात येतो तेव्हा घरात कुणी नसते. माझ्या मते, प्रत्येक नव्या भाडेकरूपुढे पहिल्याच दिवशी दोन्ही करार ठेवले पाहिजेत. एक बांधील, एक मोकळा, दोन्हींचा वर्षाचा हिशेब शेजारी शेजारी मांडून. मग ज्याला बांधील घ्यायचा त्याने खुशाल घ्यावा. बंधनाचे फायदे खरे असतील, तर कंपन्यांना या तुलनेची भीती का वाटावी?

कायदा सुधारेल तेव्हा सुधारेल. तोवर ज्यांची मुले-भाचे तिकडे असा करार करू पाहत आहेत, त्यांनी पैसे पाठवण्याआधी काही प्रश्न जरूर विचारावेत. या पबमध्ये गेल्या दहा वर्षांत किती भाडेकरू होऊन गेले? शेवटचा कुठे आहे आणि त्याच्याशी बोलणे झाले का? गेल्या तीन वर्षांत दरवर्षी किती पिंपे खपली? हा आकडा कंपनीजवळ असतोच, मागितला पाहिजे. छप्पर कुणाचे? मुदतीआधी बाहेर पडायचे कलम आहे का? हमी किती रकमेची आणि कुठवर? भाडे दरवर्षी महागाईच्या निर्देशांकाने चढणार का? आणि फेब्रुवारीतल्या पावसाळी मंगळवारी रात्री आठ वाजता त्या पबमध्ये किती माणसे होती, हे मुलाने स्वतः उभे राहून मोजले आहे का? शनिवारची गर्दी सर्वांनाच दिसते. भाडे मात्र मंगळवारचेही द्यावे लागते.

हे सारे फक्त विलायतेपुरते आहे असेही समजू नये. मुंबई-ठाण्यात दुसऱ्याच्या परवान्यावर हॉटेल ‘कंडक्टिंग’ने चालवायला घेणारे कितीतरी आहेत. परवाना एकाचा, जागा त्याचीच, दरमहा ठरलेली रक्कम द्यायची आणि राबायचे आपण. गिऱ्हाईक जमवले, नाव झाले, की मुदत संपताना रक्कम वाढते, नाही तर मालकाचा मेहुणा गल्ल्यावर येऊन बसतो. तिथेही प्रश्न तोच आहे. मी जे उभे करतो आहे, त्यातले माझे किती?

‘स्वतःचं काहीतरी’ ही इच्छा चुकीची नाही. तिच्याच बळावर आपल्या बायकांनी खानावळी चालवल्या, गिरणगावातल्या माणसांनी वडापावच्या गाड्या टाकल्या. पण गाडी त्यांची होती. मोडली तरी लाकूड त्यांचे होते. दुसऱ्याची जागा, दुसऱ्याचा माल आणि दुसऱ्याने ठरवलेला भाव घेऊन जो धंदा उभा राहतो, त्यात आपले असते ते फक्त कष्ट आणि कर्ज. असा धंदा करू नये असे मी म्हणत नाही. तो नोकरी समजून करावा, नोकरीइतकाच पैसा त्यात अडकवावा, आणि पगार सुटत नाही असे दिसले की नोकरी सोडावी तसा सोडून द्यावा. त्यासाठी बाहेर पडण्याचे दार करारात आधीच ठेवावे लागते. आणि गावाकडची जमीन मात्र त्यात घालू नये. ती विकल्यावर परत येण्याची जागाही उरत नाही.